आवड आणि निवाडा

चवीच्या बाबतीत वाद घालू नये, असे शहाणी माणसे सांगत आली आहेत. आपणही ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे म्हणून पुष्कळ भांडणे मिटवतो. एकाला कारल्याची भाजी प्रिय, तर दुसऱ्याला तिच्या नावानेच शहारे येतात. यात बरोबर कोण आणि चूक कोण, हे कोणी विचारीत नाही. पण आपल्याच तोंडी दुसरीही एक म्हण आहे: ‘गाढवाला गुळाची चव काय!’ पहिली म्हण सर्वस्वी खरी असेल तर दुसरीला अर्थ उरत नाही. ज्याने त्याने आपल्या जिभेचे ऐकावे असे एकदा ठरले, की गाढवाच्या जिभेने तरी काय पाप केले? आणि दुसरी म्हण खरी मानली, तर चवीच्या प्रांतातही जाणता आणि अजाण असा भेद असतो, हे कबूल करावे लागते. आपण मात्र दोन्ही म्हणी जवळ बाळगतो आणि सोय पाहून त्यांतली एक बाहेर काढतो. स्वतःचा बचाव करायचा असला की पहिली, दुसऱ्याला हिणवायचे असले की दुसरी.

हा केवळ ताटावरचा प्रश्न असता तर त्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण ‘हे मला आवडले नाही’ या वाक्यावरून ‘हे चांगले नाही’ या वाक्यावर आपण इतक्या सहज घसरतो, की मध्ये एक उंबरठा होता हेही ध्यानात येत नाही. मी शिक्षक आहे. वर्षाकाठी शेकडो निबंधांवर आकडे घालतो. कादंबरीकारही आहे, माझ्या लिहिण्यावर इतर लोक आकडे घालतात. दोन्ही बाजूंनी हे घसरणे मी पाहिले आहे, आणि त्यात कोणाचे तरी नुकसान होते हेही पाहिले आहे. म्हणून आवड आणि निवाडा यांचे नाते एकदा नीट तपासून पाहावे असे वाटले. त्यासाठी उदाहरण मुद्दाम क्षुल्लक आणि परके घेतले आहे: दक्षिण जर्मनीतील बवेरिया प्रांताची गव्हाची बिअर. जिभेच्या मामल्यात निवाड्याची बाजू सर्वांत दुबळी. ती तेथे टिकली तर अन्यत्रही टिकेल, असा हिशेब आहे. मद्याचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. दारूने उद्‌ध्वस्त झालेली घरे माझ्या विद्यार्थ्यांच्याच गल्लीत आहेत, आणि त्या घरांना मूल्यमीमांसेचा काही उपयोग नाही हे मी जाणतो. येथे प्रश्न पिण्याचा नसून पारखण्याचा आहे.

या बिअरला तिकडे ‘वाइसबिअर’, म्हणजे पांढरी बिअर, किंवा ‘हेफेवाइत्सन’ म्हणतात. हेफे म्हणजे यीस्ट आणि वाइत्सन म्हणजे गहू. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, सुकवून सत्त्व करतात. तसेच तेथे गव्हाला आणि सातूला मोड आणून ते वाळवतात. त्यालाच माल्ट म्हणायचे. जर्मन कायद्याप्रमाणे या बिअरमध्ये निदान निम्मा माल्ट गव्हाचा हवा. सगळाच गव्हाचा घेणे कठीण जाते, कारण गव्हाच्या दाण्याला टरफल राहत नाही. सातूची टरफले चाळणीचे काम करतात, ती नसली तर रांधा चिकट होऊन रस खाली उतरत नाही. गव्हातील प्रथिनांमुळे फेस दाट येतो आणि पेयाला गढूळपणा येतो. बाटलीच्या तळाशी यीस्टचा साका असतो. ओतणारा शेवटचे दोन घोट बाटलीतच ठेवतो, बाटली गोल फिरवून तो साका हलवतो आणि तोही ग्लासात सोडतो. ग्लास अर्ध्या लिटरचा, उंच, खाली निमुळता आणि वर रुंद. त्या रुंद तोंडाशी फेसाचा जाड थर उभा राहतो.

पण या पेयाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या वासात आहे. ग्लास नाकाशी नेला की लवंग आणि पिकलेले केळे यांचा वास येतो. गंमत अशी, की त्यात लवंगही घातलेली नसते आणि केळेही नसते. दळलेला माल्ट पंचेचाळीस अंश सेल्सियसच्या आसपास काही वेळ भिजत ठेवला, की धान्यातून फेरुलिक आम्ल नावाचे एक द्रव्य सुटते. या बिअरसाठी जे विशिष्ट यीस्ट वापरतात ते त्याचे रूपांतर अशा द्रव्यात करते, की ते लवंगेतील युजेनॉलचे जवळचे भाऊबंद आहे. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या द्रव्याचा. हेच द्रव्य खऱ्या केळ्यातही असते, आणि येथे ते यीस्टच निर्माण करते. आंबवण उबदार ठेवली तर केळे वर चढते. भिजवण, यीस्ट आणि उष्णता यांचा तोल राखून लवंग आणि केळे यांना एकमेकांच्या अंगावर जाऊ न देणे, हे करणाऱ्याचे कौशल्य. हॉपचा कडवटपणा अगदी बेताचा. मद्याचे प्रमाण साधारण पाच टक्के.

आता परीक्षकाकडे वळू. अमेरिकेत १९८५ साली बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम ही संस्था निघाली. घरगुती बिअरच्या स्पर्धांसाठी तिने परीक्षक तयार केले, आणि प्रत्येक प्रकाराचे वर्णन लिहून ठेवले. तिच्या तक्त्यात एकूण ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. ग्लास पुढे येतो तेव्हा तो कोणी केला हे परीक्षकाला ठाऊक नसते. तो आधी वास घेतो, कारण वास लवकर उडतो. मग पाहतो, मग चाखतो. शेजारच्या परीक्षकाशी न बोलता आपले निरीक्षण आणि गुण लिहितो. सर्वांचे लिहून झाल्यावरच चर्चा होते, आणि गुणांत फार अंतर पडले असेल तर दोघेही पुन्हा ग्लास नाकाशी नेतात. शेवटी तो कागद बिअर करणाऱ्याला मिळतो. त्यावर नुसता आकडा नसतो, आकड्यामागची कारणेही असतात.

या परीक्षकाला आपण विचारू: तू कशाला चांगले म्हणतोस? तो म्हणेल, हे कोणत्या जातीचे आहे त्यावर अवलंबून आहे. आणि त्याचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. वाइसबिअरमध्ये गढूळपणा हवाच. तोच गढूळपणा पिल्सनर या सोनेरी, नितळ बिअरमध्ये दिसला तर दोष. लवंगेचा वास येथे भूषण. पिल्सनरमध्ये तोच वास आला तर कोणते तरी रानटी यीस्ट आत शिरले असावे, अशी शंका येते. द्रव्य तेच, नाकही तेच, आणि निवाडा मात्र उलटा. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गुण किंवा दोष हा सुट्या गंधात नसतो. त्या वस्तूने काय व्हायचे ठरवले आहे, त्याच्याशी असलेल्या नात्यात तो असतो. आवडीला हे नाते ठाऊक नसते. ती सुट्या गंधापाशीच थांबते.

माझेच उदाहरण सांगतो. पुण्यात आता लहान प्रमाणावर बिअर करणारी ठिकाणे निघाली आहेत आणि त्यांतील काहींत ही गव्हाची बिअर मिळते. एका मित्राच्या आग्रहाने मी ती दोनदा चाखली. मला ती आवडली नाही. लवंगेचा वास आला की मला दुखरी दाढ आणि तीवर ठेवलेला लवंगेच्या तेलाचा बोळा आठवतो. त्यात बिअरचा काय अपराध? परंतु फेस टिकून होता, लवंग आणि केळे दोन्ही स्वच्छ ओळखू येत होती, लोण्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास नव्हता, आणि घोट जाड असूनही शेवटी जीभ कोरडी व हलकी राहत होती. ‘ही चांगली झाली आहे’ आणि ‘मला आणखी नको’ ही दोन्ही वाक्ये मी एकाच श्वासात, काहीही खोटे न बोलता, म्हणू शकलो. मग ती दोन वाक्ये एकच नव्हेत, हे उघड आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो वरवरचा नाही. ‘वस्तूची जात’ हे तुम्ही निकष म्हणून सांगता. पण ती जात ठरवली कोणी? वाइसबिअरचा इतिहास पाहिला तर उत्तर फारसे पवित्र नाही. बवेरियाच्या ड्यूकांनी १५१६ साली हुकूम काढला, की बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी यांशिवाय काही घालू नये. गहू त्यात बसत नव्हता. तरी डेगेनबर्ग नावाच्या एका सरदार घराण्याला गव्हाची बिअर करण्याचा खास हक्क मिळालेला होता. १६०२ साली त्या घराण्याचा वंश खुंटला आणि तो हक्क ड्यूक माक्सिमिलियनच्या हाती आला. मग गव्हाची बिअर ही ड्यूकची मक्तेदारी झाली, आणि जे धान्य इतरांना निषिद्ध होते त्यावर त्याची तिजोरी भरू लागली. पुढे या बिअरची लोकप्रियता ओसरली. १८७२ साली गेओर्ग श्नायडर या व्यावसायिकाने ती करण्याचा हक्क राजाकडून मिळवला आणि परंपरा तगली. फ्रायझिंगजवळचा वाइनस्टेफान हा बिअरचा कारखाना आपली स्थापना १०४० सालची सांगतो. पण ज्या सनदेच्या आधारावर तो हे सांगतो ती नंतरच्या काळात बनवलेली आहे, असे इतिहासकार मानतात. सरदाराचा हक्क, ड्यूकचा गल्ला आणि एक संशयास्पद कागद: अशा पायावर उभ्या असलेल्या निकषासमोर आपण मान का तुकवावी? आणि आज त्या बवेरियन बिअरचे शब्दचित्र अमेरिकेतल्या संस्थेने लिहावे, हा आणखी एक विनोद.

आक्षेपातील माहिती खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही. एखाद्या गोष्टीचा उगम कोठे झाला यावरून ती आज काय आहे हे ठरत नाही. आपली प्रमाण मराठीही एका विशिष्ट भागातील, विशिष्ट वर्गाच्या बोलीतून वर आली. म्हणून तिच्यात चांगले वाक्य आणि वाईट वाक्य असा भेदच नाही, असे कोणी म्हणणार नाही. निकष सत्तेने रोवलेला असेल, पण त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या हातांनी तो घासला, पारखला, सुधारला. ड्यूकने गव्हाचा मक्ता घेतला. लवंग आणि केळे यांचा तोल काही त्याने साधला नाही. तो साधला भट्टीवर राबणाऱ्यांनी. मात्र त्या आक्षेपातून एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. निकष हा माणसांनी केलेला आहे हे विसरले, की तो दंडुका होतो.

दंडुका कसा होतो, हे एका प्रसंगावरून सांगतो. एका तालुक्याच्या ठिकाणी निबंधस्पर्धेचे आम्ही तिघे परीक्षक होतो. खानदेशातल्या एका मुलीने आपल्या आजीवर लिहिले होते. आजीचे बोलणे तिने अहिराणीतच ठेवले होते, आणि मधले निवेदन शाळेच्या मराठीत होते. एका परीक्षकाने आजीच्या प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि ‘अशुद्ध’ असा शेरा मारला. दुसरे परीक्षक उदार मनाचे. ते म्हणाले, ‘पोरीचं मन केवढं निर्मळ आहे! द्या पैकीच्या पैकी.’ निवेदनातही तीन-चार ठिकाणी कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ बसत नव्हता, याकडे त्यांनी पाहिलेच नाही. मला दोघांचेही वागणे एकाच जातीचे वाटले. पहिल्यांनी वाइसबिअरला पिल्सनरचा निकष लावला; जेथे गढूळपणा हवा होता तेथे तो दोष ठरवला. दुसऱ्यांनी गढूळ आहे ना, मग अस्सलच असणार, असे धरून चालले. ग्लास नाकाशी कोणीच नेला नाही. आजीच्या तोंडची अहिराणी हा त्या निबंधाचा प्राण होता. निवेदनातील चुका मात्र चुकाच होत्या, आणि त्या तिला सांगणे हा तिचा मान राखणे होते. रागाने केलेला अन्याय ओळखू येतो. कौतुकाने केलेला अन्याय ओळखू येत नाही, म्हणून तो अधिक काळ टिकतो.

या प्रश्नाचा विचार थोरांनी केलेला आहे. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात डॉन किहोतेच्या कथेतील सांको पांझाच्या दोन नातलगांचा किस्सा आहे. दोघांना पिंपातील वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाचा वास येतो. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघाली. जाणत्या जिभेला जे जाणवते ते वस्तूत खरोखर असते, हा ह्यूमचा मुद्दा. उलट कांटने १७९० साली, निर्णयशक्तीची मीमांसा करताना, जिभेचे सुख आणि सौंदर्य यांच्यात भिंत घातली. कॅनरी बेटांची वाइन सुखद आहे असे कोणी म्हणाले, तर त्याने ‘मला सुखद आहे’ असे म्हणावे. सुंदर गोष्टीबाबत मात्र आपण सर्वांच्या संमतीची मागणी करतो. मॅट्रिकच्या पुढे पाऊल न टाकलेल्या माझ्यासारख्याला कांट कळला तो रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाचे बोट धरून, आणि तेथेही पुष्कळदा ठेचाळत. आपल्या भरताने तर ती भिंत घातलीच नाही. नाना व्यंजनांनी युक्त अन्न खाताना प्रसन्न मनाची माणसे जो स्वाद घेतात, त्याच्याच दृष्टान्ताने त्याने नाट्यातला रस समजावून दिला.

मला वाटते, ह्यूम आणि कांट येथे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. सुखाची सक्ती कोणावर करता येत नाही; लवंग मला सुखावत नसेल तर जगातला कोणताही परीक्षक मला सुखावू शकणार नाही. पण लवंग तेथे आहे, स्वच्छ आहे, केळ्याला दाबून टाकीत नाही, हे मी ध्यानात घ्यावे, अशी मागणी तो खुशाल करू शकतो. आवड मागता येत नाही, अवधान मागता येते. चवीबद्दल वाद घालू नये, ही म्हण सुखापुरती खरी. अवधानाच्या बाबतीत वाद घालता येतो, तो सुटतो, आणि कधी कधी पिंपाच्या तळाशी किल्लीही सापडते.

तरी एक अडचण उरते. २००७ साली श्नायडरच्याच कारखान्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रूअरीशी हातमिळवणी करून एक गव्हाची बिअर केली. तिच्यात हॉपचा वास भरपूर होता, म्हणजे परंपरेने जे बेताने घालायचे तेच सढळ हाताने घातले. तक्ता समोर ठेवला तर तिला वाइसबिअर म्हणून गुण मिळणार नाहीत. मग ती वाईट का? मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आरोप झाला तेव्हाही हाच पेच होता. जुन्या जातीच्या मापाने नव्या जातीचे कपडे बेतले, की ते तोकडे होणारच. अशा वेळी परीक्षकाने तक्ता फेकून देऊ नये आणि त्याला कवटाळूनही बसू नये. त्याने एकच प्रश्न विचारावा: हे करणाऱ्याने काय करायचे मनात धरले होते, आणि ते त्याला साधले का? प्रश्नाचे उत्तर वस्तूतच मिळाले पाहिजे; करणाऱ्याच्या भाषणात नव्हे. प्रत्येक बिघाडाला ‘हा माझा प्रयोग आहे’ असे म्हणणारे लोक असतात. पण ज्याला नियम ठाऊक असून त्याने तो वाकवला आणि ज्याला तो ठाऊकच नव्हता, या दोघांच्या हाताची खूण निराळी असते. ती दोन-तीन घोटांत, किंवा दोन-तीन पानांत, कळू शकते.

कोणी म्हणेल, या साऱ्या काटेकोरपणात आनंद मेला. म्युनिकमध्ये सकाळी वाफाळलेल्या पांढऱ्या सॉसेजबरोबर ही बिअर घेणारा माणूस काही गुण देत बसत नाही. त्याने देऊही नयेत. गुण देण्याचा प्रसंग आला तरच निवाडा करायचा. एरवी आवडीला मोकळे सोडावे. पण ज्याच्या शब्दाने दुसऱ्याच्या कामाचे बरेवाईट ठरते, त्याला मोकळ्या आवडीची चैन परवडत नाही. त्याने बाटलीवरचे नाव झाकावे, आधी लिहावे आणि मग बोलावे, जातीचा विचार करावा आणि आकड्याखाली कारण लिहावे. यात विद्वत्तेचे काम फारसे नाही. दुसऱ्याने घेतलेल्या कष्टाला आपल्या लहरीपेक्षा थोडे अधिक वजन द्यायचे, एवढेच आहे.

घरच्या भट्टीवर हौसेने चार बाटल्या बिअर करणाऱ्या माणसालाही स्पर्धेतून एक कागद परत मिळतो: वास कसा होता, कोठे तोल गेला, पुढच्या वेळी भिजवणीकडे लक्ष द्या. आमच्या स्पर्धेतील त्या मुलीला तिसऱ्या क्रमांकाचे प्रमाणपत्र मिळाले. तिच्या निबंधात काय उत्तम होते आणि काय सुधारायला हवे होते, हे त्यावर लिहिण्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती. प्रमाणपत्रे छापणाऱ्यांना ती जागा ठेवायला सांगणे काही अवघड नाही. पुढील वर्षी आम्ही तसे सांगितले आहे.